खालच्या ट्रेमधली हवा

मुलाखत बुधवारी सकाळी अकराला, व्हिडिओवर होती. पद सीएफडी इंजिनियरचं. हवा किंवा पाणी एखाद्या यंत्रातून कसं वाहील, हे संगणकावर गणित मांडून आधीच सांगण्याचं ते काम. पदवी घेऊन आठ महिने मी हेच काम शोधत शहरात, इंद्रलोक भागात मावशीच्या घरी राहत होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे मुलाखतीत काय विचारतात हे सांगायलाही घरचं कुणी नव्हतं. ते काम कॉलेजच्या एका सीनियरने अंगावर घेतलं. तो याच क्षेत्रात नोकरी करतो, मावशीच्या घराजवळच्या बेव्हर्ली पार्क भागात राहतो. मी त्याला दादा म्हणते.

रविवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले. त्याने माझा बायोडेटा समोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ माझी एकमेव जमेची बाजू होती: सोडे सुकवण्याचं कपाट, सहाही ट्रेमध्ये समान हवा. सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, आणि हे माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं कपाट. त्याच आराखड्यावरून आमच्या गावच्या बचत गटाने तालुक्याच्या वेल्डरकडून ते बनवूनही घेतलं होतं. आई त्याच गटात आहे.

"आत किती हवा गेली?" दादाने विचारलं.

मी आकडा सांगितला.

"आणि बाहेर किती आली?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"अगं, हा पहिला प्रश्न असतो. कपाटात हवा साठून राहत नाही. जेवढी आत, तेवढी बाहेर. तपासलं नव्हतंस?"

नव्हतं तपासलं. आमच्या लॅबमध्ये अशी पद्धत होती की पाच वाजता लॅब असिस्टंट मेन स्विच बंद करायचे. त्याच्या आत जेवढी आकडेमोड होईल तेवढी. गणित स्थिरावलं, म्हणजे उत्तराचे आकडे बदलायचे थांबले, की नाही हे बघायला कुणी थांबत नसे. पडद्यावर निळा-लाल रंग आला की फोटो काढायचा, रंगीत प्रिंट, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. माझ्या प्रोजेक्टला चांगले गुण मिळाले होते. सरांनी पाठ थोपटली होती. ते सर भले होते, फीची शेवटची मुदतही त्यांनीच वाढवून दिली होती. त्यांना दोष द्यावासा मला तेव्हाही वाटला नाही.

घरी येऊन जुनी फाइल उघडली. आत गेलेल्या हवेचा पाचवा हिस्सा बाहेर येतच नव्हता. मी तेच गणित दुपारी पुन्हा चालू केलं आणि या वेळी थांबवलं नाही. लॅपटॉप तापू नये म्हणून मावशीने त्याच्याखाली पोळपाट सरकवला. मधूनमधून येऊन ती विचारायची, "झालं का गं शिजून?"

सोमवारी सकाळी शिजलं. आत आणि बाहेर आता जुळत होतं, पण चित्र वेगळं होतं. पंख्याची हवा सरळ वर चढत होती आणि वरच्या झडपेतून निघून जात होती. वरच्या चार ट्रेना भरपूर हवा, खालच्या दोन ट्रेपाशी जवळजवळ काहीच नाही.

दोन दिवसांवर मुलाखत होती आणि ज्या ओळीमुळे मला बोलावलं होतं ती खोटी होती. त्याहून वाईट म्हणजे, ते कपाट गावात चालू होतं. मी आईला फोन लावला.

"आई, कपाटात खालचे सोडे नीट सुकतात?"

"सुकतात की गो."

"खालच्या दोन ट्रेमधलेपण?"

"होय. दुपारी आम्ही खालचे वर घेतो, वरचे खाली."

"कधीपासून?"

"पहिल्या घाण्यापासून. खालचे ओलेच र्‍हायले होते तेव्हा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"एवढं शिकून केलंस तू. आम्हाला वाटलं, आमचंच मांडायचं चुकतंय. आणि बायकांना मी कशी सांगू, माझ्या लेकीचं कपाट खाली सुकवत नाही म्हणून?"

इतके महिने त्या बायका रोज दुपारी जड ट्रे उतरवून चढवत होत्या. आईला माझा अभिमान होता म्हणून.

मंगळवारी दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बायोडेटा त्यांच्याकडे गेलाय. आता बदललास तर उगाच संशय. विचारलं तर सांग, नाहीतर त्या वाटेला जाऊ नकोस. तुला नोकरी हवीय ना?" त्याचं चुकत नव्हतं. मला नोकरी फार हवी होती. त्या दिवशी मी खूप सूत्रं पाठ केली आणि जेवताना त्यातलं एकही आठवेना.

बुधवारी मावशी पावणेअकराला शेजारच्या गुजराती भाभींच्या दारात. "भाभी, ग्यारह से बारह मिक्सर मत चलाना हां, लडकी का इंटरव्ह्यू है."

"मिक्सर क्या, मैं तो कुकर की सीटी भी नहीं बजने दूँगी!"

पडद्यावर दोघं होते, एक सर आणि एक मॅडम. बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत लिहितेय. पहिली वीस मिनिटं सूत्रांची गेली. दोन उत्तरं चुकली. मग मॅडम म्हणाल्या, "हे सहाही ट्रेमध्ये समान हवा, हे चांगलं दिसतंय." त्या पुढच्या प्रश्नाकडे वळणारच होत्या. आत-बाहेरचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. मी नुसतं 'थँक यू' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मॅडम, ते चुकीचं आहे," मी म्हणाले.

सरांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "चुकीचं आहे, मग पाठवलंत कशाला?"

"पाठवलं तेव्हा माहीत नव्हतं. परवा कळलं." मी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी दाखवलं. लॅबचा पाच वाजताचा स्विचही सांगितला.

"नवं बरोबर कशावरून?"

"आत-बाहेर जुळतंय. आणि आई खालचे ट्रे रोज वर घेते." मग आईचा फोन सांगावाच लागला.

दोघांनी आवाज बंद करून आपसात काहीतरी बोलून घेतलं. ओठ हलताना दिसत होते. ते अर्धं मिनिट मी अजून विसरलेले नाही.

मॅडमनी आवाज चालू केला. "बरं. कपाट बनून उभं आहे, नवीन बनवायचं नाही. हवा खाली कशी न्याल? कागद घ्या."

पुढची चाळीस मिनिटं तेवढंच चाललं. मी पंख्यासमोर तिरपा पत्रा काढला. सर म्हणाले, याने पंख्यावर दाब येईल. मी कोन कमी केला, पत्र्याला भोकं पाडली. ते अडवत होते, मी खोडत होते. शेवटी त्यांनी नुसतं "ठीक" म्हटलं आणि पडदा काळा झाला. ठीक म्हणजे काय, हे शुक्रवारपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी फोन आला. सहा महिने शिकाऊ म्हणून घेत होते. मावशीने भाभींच्या दारावर थाप मारली आणि मी आईला फोन लावला. आधी नोकरीचं सांगितलं, मग कपाटाचं: "तुमचं मांडणं बरोबरच होतं. चूक माझी होती. आत एक पत्रा बसवावा लागेल."

आई नोकरीचं ऐकून रडेल असं मला वाटलं होतं.

"थांब हां," ती म्हणाली, आणि फोन बाजूला धरून कुणाला तरी ओरडली, "अगो, ऐकलंत काय? आपलं चुकत नव्हतं!"

मागे तीन-चार बायकांचा हसण्याचा आवाज आला.