पिंपावरचा होकार

वेंडेलिन क्राहुलिक हा नाकासमोर चालणारा माणूस, आणि फेब्रुवारीतल्या तापात त्याचं नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर होतं तिथेच होतं, चांगलं ठसठशीत. फक्त त्यातून काही आत जाईनासं झालं. एका सकाळी दूध करपून काळं झालं आणि हा गृहस्थ शेगडीला टेकून वर्तमानपत्र वाचत होता. त्याची बायको द्राहोमिरा धावत आली, तिने खिडक्या उघडल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिली. एकोणतीस वर्षं पोस्टात काढलेली बाई. बंद पाकिटात काय असेल याचा तिला साधारण अंदाज यायचा.

"कधीपासून?"

"आठवडा झाला. कुणाला बोलू नकोस, द्राहा."

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर गावाने हळहळ व्यक्त केली असती आणि विसरून गेलं असतं. वेंडेलिनचं पोट मात्र नाकावर चालत होतं. तेवीस वर्षं त्याने ब्रुअरीच्या तळघरात काढली. गुडघे बोलायला लागले तेव्हा मालकांनी त्याला वर स्नानघरात आणलं, कारण बियर माणसाला बाहेरूनही विकता येते हा शोध तोवर लागलेला होता. ओकच्या पिंपात छत्तीस अंशाचं पाणी, त्यात बियरला कडवटपणा आणि वास देणारी हॉपची फुलं, यीस्ट, माल्ट आणि दोन मोठे जग काळी बियर. पाहुण्याने वीस मिनिटं बसायचं, उशाशी नळ असतो त्यातून हवी तेवढी प्यायची, मग चादरीत गुंडाळून गव्हाच्या काडाच्या बिछान्यावर पडायचं आणि संध्याकाळपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही.

पण पाहुणा पिंपात उतरण्याआधी वेंडेलिनने पिंपावर वाकायचं, वास घ्यायचा आणि म्हणायचं, "दरवळतंय." हा तळघरातला जुना रिवाज. कुणाच्या तरी नाकाने होकार दिल्याशिवाय तिथलं एक पिंप पुढे सरकत नसे. मॅनेजरबाई झानेता यांना हा रिवाज इतका आवडला की एप्रिलमध्ये त्यांनी फोटोग्राफर बोलावला. आता दारातल्या मोठ्या पाटीवर पिंपावर वाकलेला, डोळे मिटलेला वेंडेलिन होता आणि खाली लिहिलं होतं: 'प्रत्येक स्नान आमच्या उस्तादांच्या नाकाखालून जातं.' वेंडेलिन हल्ली मागच्या दाराने येत असे.

इतके महिने निभावलं ते द्राहाच्या जिवावर. नवं पोतं उघडलं की तो दोन चिमटी हॉप काचेच्या बरणीत घालून घरी न्यायचा. द्राहा झाकण काढायची, हुंगायची आणि "ठीक" म्हणायची. एकदा ती "मोजे" म्हणाली, तेव्हा त्याने उंदराचं निमित्त करून अख्खं पोतं परत पाठवलं.

तो जुलैचा गुरुवार होता. जुलै हा हॉपचा सगळ्यांत वाईट महिना; गेल्या सालचा माल तळाला गेलेला आणि नवा अजून वेलीवर. आदल्या संध्याकाळी जुनं पोतं संपलं. द्राहा बहिणीकडे जर्दाळूचा मुरंबा घालायला गेलेली, आणि तिचा फोन नेहमीप्रमाणे पर्सच्या तळाशी वाजून वाजून गप्प होत होता. दहा वाजताच्या पाहुण्याचं नाव वहीत होतं: अंब्रोज वोंद्राचेक, वय चौऱ्याऐंशी, नातवंडांकडून वाढदिवसाची भेट.

वेंडेलिनने ते नाव दोनदा वाचलं.

अंब्रोज म्हणजे ब्रुअरीचे जुने उस्ताद. वेंडेलिनला वास घ्यायला शिकवलं ते त्यांनी. एकदा नाताळच्या आठवड्यात, मालक हात जोडून उभे असताना, चाळीस पिंपं बियर त्यांनी गटारात ओतायला लावली होती. इतर कुणाला त्या बियरमध्ये काही खोट सापडली नव्हती. "मला सापडली," एवढंच ते म्हणाले होते.

वेंडेलिनने नव्या पोत्यातली फुलं तळहातावर चोळली. चिकटपणा होता. रंग ताजा हिरवा की शिळा तपकिरी? झानेताबाईंनी वातावरणासाठी लावलेल्या पिवळ्या दिव्यांत स्वतः वेंडेलिनही तपकिरीच दिसायचा. मूठभर फुलं घेऊन तो मागच्या अंगणात उन्हात गेला. तिथे ती हिरवी दिसली; मग ढग आला आणि तितकीशी दिसेनात. कुणाला हुंगायला सांगावं, तर आधी कारण सांगावं लागणार. त्याने द्राहाला सहाव्यांदा फोन लावला. मग पिंप भरलं.

उस्ताद चादर गुंडाळून काठी टेकत आले.

"वेंडा, बियर पोटात घालायची असते. पोट बियरमध्ये घालायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"मालकांच्या, उस्ताद."

"वाटलंच. नातवंडांनी पैसे भरलेत, नाहीतर मी दारातूनच परतलो असतो. दारात तुझा फोटो बघितला. कुणी मेलं की काय, असा चेहरा केलायस."

मग ते थांबले. रिवाज त्यांना ठाऊक होता. त्यांच्याच तळघरातला होता तो. वेंडेलिन पिंपावर वाकला. डोळे मिटले. एक, दोन, तीन, असे खोल श्वास घेतले. नाकात नुसती ऊब शिरली.

"दरवळतंय," तो म्हणाला.

उस्ताद त्याच्या हाताला धरून पिंपात उतरले आणि गळ्यापर्यंत बुडून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. पाच मिनिटं गेली. वेंडेलिनने घडी घातलेल्या टॉवेलांची पुन्हा घडी घातली. दहा मिनिटं झाली.

"पेला भर."

त्याने भरला. उस्तादांनी पेला नाकाखालून नेला, एक घोट घेतला, फेस ओठांवरून पुसला.

"तुला मी वास घ्यायला कसं शिकवलं होतं?"

"एकदाच, उस्ताद. आखूड. मान जरा वळवून."

"का?"

"दुसऱ्या श्वासाला नाक थकतं, तिसऱ्याला खोटं बोलतं."

"आणि आता तू तीन घेतलेस. डोळे मिटून. देवळात आल्यासारखं." उस्तादांनी पेला कडेवर ठेवला. "ज्याला वास येतो तो असं करत नाही, वेंडा. कधी गेला?"

वेंडेलिनने टॉवेलांकडे बघत उत्तर दिलं. "फेब्रुवारीत."

"हं."

"वाईट आहे का हो?"

"चीज. मोराव्हिया भागातलं ते पिवळं, उग्र वासाचं, जे माझी आई खिडकीबाहेर ठेवायची."

"उठा उस्ताद, मी पिंप रिकामं करतो. गरम पाणी घ्या अंगावर, साबण देतो."

"अजून आठ मिनिटं आहेत," उस्ताद म्हणाले. "शिवाय संध्याकाळपर्यंत पाणी लावायचं नाही ना? भिंतीवर लिहिलंय."

"अहो, तुमचं वाढदिवसाचं जेवण आहे!"

"बदक आहे. त्याची काही तक्रार नसेल."

आठ मिनिटं ते बसून राहिले. मग काडावर वीस मिनिटं पडले, आणि वेंडेलिन शेजारी स्टुलावर, हात मांडीत घेऊन. आता हा माणूस बाहेर जाईल, एक वाक्य बोलेल आणि साठीला आलेल्या वेंडेलिनला नवं काम शोधावं लागेल. चाळीस पिंपं ओतणारा माणूस एका पिंपाची काय भीड धरणार?

बाहेर नातवंडं उभी होती, आणि झानेताबाईही, हातात पुष्पगुच्छ घेऊन.

"कसं होतं आजोबा?" धाकट्या नातीने मिठी मारली आणि अर्ध्यातच जरा मागे सरली. "अय्या... हा कसला वास?"

"हॉपचा," उस्ताद म्हणाले. "दरवळत होतं."

वेंडेलिनने ते दारातून ऐकलं. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून वासाबद्दलची खोटी गोष्ट त्याने ऐकली नव्हती. बरं वाटायला हवं होतं. पण ती खोटी गोष्ट त्याच्यासाठी बोलली गेली होती. उस्ताद चीजच्या वासात वाढदिवसाचं बदक खायला गाडीत बसले. गाडीच्या चारही काचा खाली गेल्या.

तो झानेताबाईंच्या खोलीत गेला आणि टोपी काढून उभा राहिला.

"मॅनेजरबाई, मला वास येत नाही."

"सर्दी?"

"नाही. फेब्रुवारीपासून."

झानेताबाईंनी थोडा हिशेब केला. "म्हणजे फोटो काढला तेव्हा..."

"तेव्हाही नव्हता."

"पण किती सुंदर हुंगत होतात तुम्ही!"

"त्याचमुळे," वेंडेलिन म्हणाला.

त्या उठल्या, स्नानघरात गेल्या, पोत्यावर वाकल्या आणि झटकन सरळ झाल्या. बराच वेळ नाकाशी रुमाल धरून उभ्या राहिल्या.

"आजवर कोण हुंगत होतं?"

"बायको. घरी. बरणीतून."

"फुकट?"

"शिव्या द्यायची."

त्या हसल्या नाहीत. मालकांना सांगावंच लागेल, म्हणाल्या. ते काय ठरवतील ते सोमवारी कळेल. पाटी तोवर उतरवलेली बरी. बाराच्या पाहुण्यांना त्या स्वतः फोन करून उद्या बोलावतील. एवढं बोलून त्या गेल्या.

वेंडेलिनने पिंपाचं बूच काढलं. पाणी गुडगुडत गेलं, फुलं तळाशी चिकटून राहिली. तो ब्रश घेऊन आत उतरला, तेवढ्यात फोन वाजला.

"सहा फोन!" द्राहा ओरडली. "काय पेटलंय?"

"नवं पोतं उघडलं."

"मग? बरणी आणलीस का घरी?"

"नको आता बरणी," तो म्हणाला. "सांगून टाकलं."

पलीकडे मुरंब्याची कढई कुणीतरी ढवळत होतं, ते ऐकू येत होतं.

"सोमवारी मीपण येते मालकांकडे," द्राहा म्हणाली. "आणि वेंडा, घरी गेलास की शेगडी पेटवू नकोस. मी येईपर्यंत थंडच खा."