पोटुशी पट्टी

रुळांच्या खात्यात नकाशांचं दालन सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. तिथे खिडकीलगतच्या टेबलावर ती बसायची. सगळे तिला नकाशेबाई म्हणत. शिकलेली इंजिनिअर होती, पण अख्ख्या मजल्यावर बाई म्हणून ती एकटीच. त्यामुळे तिचं खरं नाव लक्षात ठेवायची कोणाला गरज पडली नाही. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिची कशाबद्दलच तक्रार नसते, असं लोकांना वाटायचं.

लग्नानंतर संसार जरा रुळतोय न रुळतोय तोच तापाचं निमित्त होऊन नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. भाऊ-भावजय तिला न्यायला आले. पण घरात मागे एकटे सासरेच उरत होते. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. ती भावाला म्हणाली, महिनाभर थांबते, मग बघू. तो महिना काही संपला नाही.

सासऱ्यांना ती अण्णा म्हणे. त्यांचं सगळं आयुष्य छापखान्यात मशीनवर गेलेलं. मशीनच्या धडधडीने आधी एक कान गेला, मग दुसरा. माणूस शांत, सरळ, पण ओठांकडे बघून अर्धं ऐकणार आणि उरलेलं अंदाजाने भरणार. दोन खोल्यांचं घर. एकमेकांच्या वाटेत यायला नको म्हणून दोघंही भिंतीच्या कडेने चालत. ती कामावरून आली की ते पंखा तिच्या दिशेला वळवून ठेवत आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत. जेवताना मीठ हवंय का, एवढं बोलणं व्हायचं. भांडण कधीच नाही. भांडायलासुद्धा थोडी जवळीक लागते.

एका कडाक्याच्या थंडीत तिच्या कामाला वेगळं वळण लागलं.

पूर्वी रुळांचे तुकडे लोखंडी जोडपट्ट्यांनी जोडत. दोन्ही बाजूंनी सपाट पट्टी, रुळाला भोकं, आरपार बोल्ट. पुढे रूळ वेल्डिंगने सांधू लागले आणि गाडीची खडखड थांबली. पण फार थंडी पडली की लोखंड आखडतं आणि एखाद्या वेळी नेमकं वेल्डिंगपाशी तुटतं. मग रूळ सांभाळणाऱ्या गँगच्या लोकांनी धावत जायचं, तुटलेली टोकं कशीबशी एकत्र धरायची आणि नवीन वेल्डिंग होईपर्यंत गाड्या हळूहळू काढायच्या. त्या थंडीत एका सकाळी असाच एक रूळ तुटला. वेल्डिंगच्या जागी रुळाला गाठीसारखा फुगवटा असतो, त्यावर सपाट पट्टी बसेना. मागे गाडी खोळंबलेली, वरून फोनवर फोन. लोकांनी फटीत लोखंडाचे तुकडे ठोकून पट्टी आवळायला घेतली. ती उसळली आणि गँगच्या मुकादमाची दोन बोटं गेली.

चौकशीच्या साहेबांबरोबर नकाशेबाईलाही जागा बघायला पाठवलं. साहेब रुळाकडे बघून परतले. ती तिथून दवाखान्यात गेली. मुकादम पलंगावर बसला होता. अंगाने थोराड, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, हाताला हे मोठं बँडेज. पट्टी कशी बसली होती, असं तिने विचारलं.

"ती बसतच नाही, बाई," तो म्हणाला. "जी बसत नाही तिला आम्ही बसवतो. आजवर बसली. परवा नाही बसली."

चौकशीत कारण लिहिलं गेलं, घाई.

ती परत येऊन कामाला लागली. डोक्यात एवढंच होतं, की रुळाला भोक पाडायला न लागता, त्या फुगवट्याला जागा देऊन, चार माणसांना थंडीत गारठलेल्या हातांनी घट्ट बसवता येईल असा जोड हवा. तिने मध्ये बाक दिलेली पट्टी काढली, म्हणजे फुगवटा त्या पोकळीत मावेल. आणि बोल्टऐवजी शिकंजे, रुळाच्या तळाला खालून पकडून दोन्ही पट्ट्या आवळणारे. तिच्या दालनाचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, वर्षाकाठी रूळ तुटतात असे किती, त्यासाठी नवीन साचा कोण करून देणार? तरी चाचणीला परवानगी दिली.

पहिली चाचणी फसली. यार्डातल्या एका बाजूच्या मार्गावर तुटका रूळ लावून त्यावर जोड बसवला आणि भरलेली मालगाडी पुन्हा पुन्हा फिरवली. प्रत्येक चाकासरशी शिकंज्याचे नट केसभर सैल होत गेले. ती खडीवर उकिडवी बसून बघत होती. शेवटी एक शिकंजा खणकन खाली पडला आणि मालगाडी थांबवावी लागली. उभ्या असलेल्यांपैकी कोणी हसलं नाही. हसले असते तर तिला कमी लागलं असतं.

तिच्याच इमारतीत तळमजल्यावर भांडार होतं. तिथला भांडारपाल विधुर होता. तिला मऊ शिशाच्या पेन्सिली लागतात हे त्याने न सांगता ओळखलं होतं आणि त्या आल्या की तो स्वतः वर आणून द्यायचा. चाचणी फसल्यानंतरच्या आठवड्यात तो जिन्यात थांबला आणि सरळच म्हणाला, की त्याची मुलगी लहान आहे, घर मोठं आहे, आणि तिची हरकत नसेल तर दोघांनी लग्न करावं. आडवळण नाही, गोड बोलणं नाही. तिला ते आवडलं. विचार करून सांगते, म्हणाली.

घरी तिने अण्णांना सांगितलं. मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिचीच तिला लाज वाटली. ते म्हणाले, "जा की. चांगलं आहे. माझं काय, माझं मी बघेन." आणि जेवण झाल्यावर त्यांनी आपलं ताट आपण घासलं. घासलेलं ताट कुठे ठेवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते हातात धरून बराच वेळ ओट्यासमोर उभे राहिले, मग खिडकीत ठेवून दिलं.

तिने भांडारपालाला नाही म्हटलं. कारण सांगितलं कामाचं. त्याने मान हलवली. त्यानंतरही पेन्सिली येत राहिल्या, पण शिपायाच्या हातून. पुढे त्याची बदली झाली, आणि नवीन माणूस कडक शिशाच्या पेन्सिली मागवू लागला.

मग पुष्कळ वर्षं एकाच टेबलावर गेली. रोजची कामं वेगळी असायची, पुलांवरचे रूळ, वळणांवरचे रूळ. जोडाचं काम ती जेवणाच्या सुट्टीत आणि कचेरी सुटल्यावर करायची. बाकीचे डबे घेऊन एकत्र बसत. सुरुवातीला तिला बोलवत, मग बोलवेनासे झाले. त्यात दुष्टावा नव्हता. पाण्याला जशी वाट पडते तशी माणसांनाही पडते. सुट्टीच्या दिवशी तिला कळायचं की काल संध्याकाळपासून आपला आवाज आपणच ऐकलेला नाही. मग ती उगाच दूधवाल्याला दोन प्रश्न जास्त विचारायची.

इतके दिवस ती गाडीच्या हादऱ्याशी झुंजत होती. नट आणखी आवळा, शिकंजा आणखी जाड करा, हादरा जिंकता कामा नये. कधीतरी तिच्या मनात उलटा विचार आला: हादरा थांबणार नाही, तर त्यालाच कामाला का लावू नये? तिने पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडांना उतार दिला. आता चाकाचं वजन रुळावर आलं, की पट्टी पाचरीसारखी आत ओढली जाणार, सुटण्याऐवजी आणखी चिकटणार. नट फिरू नये म्हणून त्याच्याखाली कान असलेला वायसर, म्हणजे पातळ लोखंडी चकती, घेतला. नट आवळला, की तो कान हातोडीने वर वाकवायचा. मागे वळून बघताना हे सोपं वाटतं. तिला ते सापडायला केस पिकावे लागले.

दुसऱ्या चाचणीला मुकादम आला. उरलेल्या बोटांनी पाना कसा धरायचा हे तो केव्हाच शिकला होता. पट्टी बघून तो म्हणाला, दोन पट्ट्यांना वरखाली, डावंउजवं ओळखता यायला खूण हवी. अंधारात, धुक्यात माणूस उलटी लावेल. तिने ते तिथल्या तिथे नकाशात टिपलं. त्याच्या लोकांनी जोड बसवला. गाडी आली, गेली, पुन्हा आली. दिवसभर हेच. शेवटी मुकादमाने नटावर पाना लावून पाहिला, अंग टाकून पाहिलं. नट हलला नाही.

तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "टिकली की ही पोटुशी!"

बाक दिलेल्या पट्टीला गँगने सकाळीच ते नाव ठेवलं होतं. पण बाईंसमोर ते तोंडातून निसटल्यावर सगळे एकदम गप्प झाले. बाईंना मूल नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मुकादमाचा चेहरा पडला. कोणी खडीकडे, कोणी सिग्नलकडे बघू लागलं. तेव्हा तीच हसली. आधी जरा, मग पोटभर. म्हणाली, "नऊ महिन्यांपेक्षा बराच वेळ लागला तिला." मग सगळेच हसले.

त्या संध्याकाळी ती घाईने घरी आली. कोणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगायला एकच माणूस होता. अण्णा खुर्चीत बसले होते. चप्पल न काढताच ती म्हणाली, "अण्णा, पोटुशी पट्टी टिकली!"

अण्णा दचकले. "पोटुशी? कोणाची पत्नी?"

"पत्नी नाही, पट्टी. रुळाची पट्टी."

"अस्सं," ते म्हणाले. त्यांना नीट कळलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. ती आत गेली, हातपाय धुतले, भात टाकला. दोघं जेवायला बसली. मग अण्णांनी घास ताटातच ठेवला.

"त्या भांडारवाल्याला तू हो म्हणायला हवं होतंस."

इतक्या वर्षांत तो विषय निघाला नव्हता.

"मी जा म्हणालो होतो," ते म्हणाले. "पण तू जाऊ नयेस असंच मनात होतं माझ्या. तोंडाने एक बोललो."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिने त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश पुन्हा म्हटलं, "ठाऊक होतं, अण्णा."

त्यांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं. मग मीठ हवंय का, म्हणून विचारलं. तिने हो म्हटलं, नको असतानाही.

जोड मंजूर झाला. गँगच्या प्रत्येक चौकीत एकेक जोडी पिवळा रंग देऊन ठेवायची, असा आदेश निघाला. आदेशात त्याचं नाव लांबलचक होतं, पण गँगवाले पोटुशीच म्हणत राहिले. साहेबांना बढती मिळाली. बाईंना एक छोटा समारंभ आणि शाल मिळाली, ती तिने अण्णांच्या पायांवर घातली, कारण त्यांना थंडी सोसवत नव्हती. पुढच्या थंडीत ते गेले. झोपेतच गेले. शेवटचे काही महिने त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं, आणि गंमत अशी, की त्याच महिन्यांत ती त्यांच्याशी सगळ्यात जास्त बोलली. कचेरीतलं, रस्त्यातलं, नवऱ्याबद्दल सुद्धा. ते मान हलवत.

ते गेल्यावर भाऊ पुन्हा न्यायला आला. आता तोही म्हातारा झाला होता. ती गेली नाही. या वेळी महिन्याची सबबही सांगितली नाही. घराच्या मधोमध चालायला मोकळीक होती, तरी तिची भिंतीकडेने चालायची सवय सुटली नाही.

निवृत्तीनंतर ती एकदा भाचीकडे निघाली होती. उजाडून फार वेळ झाला नव्हता, बाहेर धुकं होतं. मोकळ्या माळावर गाडी हळू झाली, मग इतकी हळू, की बरोबर कोणी चालत यावं. समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते, मांडीवर बॅग, हातात घड्याळ. ते वैतागले. खिडकीतून तिने पाहिलं, रुळाच्या बाजूला माणसं उभी होती, मफलर गुंडाळलेली, एकाच्या बगलेत झेंडी. गाडी त्यांच्यापुढून सरकली तेव्हा चाकाखालून एक बारीक, दबका आवाज आला. खडखड नाही. त्या डब्यात तो आवाज तिच्याखेरीज कोणाला कळणार नव्हता.

तिला राहवलं नाही. ती गृहस्थांना म्हणाली, "इथे रूळ तुटलाय. जोड लावलाय त्याला. तो जोड मी केलाय."

"हो का?" ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं, ही बाई बरी आहे ना, अशा नजरेने. मग सभ्यपणे विचारलं, "म्हणजे रेल्वेत होता तुम्ही?"

"होते."

"मग सांगा ना, जंक्शनवर पुढची गाडी मिळेल का मला?"

तिने अंतर मनात धरलं, उरलेला वेळ धरला, आणि खरं ते सांगितलं. "नाही मिळणार."

गृहस्थांनी तोंड वाकडं केलं, जणू रूळ तिनेच तोडला होता, आणि डोळे मिटून मागे टेकले. तिने बाहेर पाहिलं. झेंडीवाला किटलीतून चहा ओतून घेत होता. बाकीचे कपाच्या वाफेवर हात धरून उभे होते, आणि जाणाऱ्या गाडीकडे कोणी मान वर करून बघत नव्हतं. धुक्यात ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीला कपाळ लावून बसली. मग गाडीने वेग घेतला.