वाळवंटातलं उष्टं पाणी

देवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करते. शिकागोजवळच्या शॉमबर्गला आमच्या घरात छोटं देवघर होतं. रोज सकाळी हॉस्पिटलला निघण्याआधी मी दत्ताच्या तसबिरीला फूल वाहायची, पण यजमान गेल्यापासून तिथे दोन मिनिटं बसवत नव्हतं. माळ हातात घेतली की पाय उठायचे. किचन, बेसमेंट, गराज अशा फेऱ्या घालत मी जप संपवायची आणि हे सगळं कुणासाठी चाललंय, असं स्वतःलाच विचारायची.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. ट्रकमधून सहारा वाळवंट पार करायचं, हा बेत खरं तर बाप-लेकीचा. मुक्ताचं कॉलेज संपलं की दोघांनी जायचं ठरलं होतं. बाबा हार्ट अटॅकने गेले, तरी मुक्ता म्हणाली, "आय ॲम स्टिल गोइंग, आई." तिला एकटीला पाठवायचा धीर होईना, म्हणून त्यांच्या जागी मी निघाले. अल्जीरियातून दक्षिणेला जाणाऱ्या त्या ट्रकमध्ये आम्ही चौदा जण होतो. बहुतेक अमेरिकन पोरंपोरी, आणि त्यांच्यात पन्नाशीची, मूळची नागपूरची एक चिडकी पॅथॉलॉजिस्ट. नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या बाईला ऊन काय करणार, असं मी सगळ्यांना ऐकवलं होतं. ती ऐट तिसऱ्याच दिवशी उतरली.

पाणी मोजून मिळायचं. कॅनमधून एका स्टीलच्या मगमध्ये ओतायचं आणि तो मग सगळ्यांच्या तोंडाला लागत फिरायचा. ते उष्टं पाणी माझ्या घशाखाली उतरेना. पहिल्या दिवशी मी आपली घरच्या सवयीने मग उंच धरून वरून प्यायला गेले, तर ट्रकला हिसका बसला आणि अर्धं पाणी शर्टावर सांडलं. लीडर खेकसला, "नो स्पिलिंग!" तेव्हापासून मी मग नुसता ओठांजवळ नेऊन पुढे द्यायला लागले. मुक्ताने विचारलं तेव्हा "जर्म्स" म्हणून मोकळी झाले. खरं कारण जर्म्स नव्हतं, माझ्या आईचं सोवळं होतं. सकाळचा पहिला मग आपल्या हाती यावा म्हणून सगळ्यांआधी उठून बसायचं आणि तेवढ्या पाण्यावर दिवस काढायचा, असं चाललं होतं. पेशंटना पाणी प्या म्हणून बजावणाऱ्या डॉक्टरचा हा शहाणपणा!

चौथ्या दिवशी दुपारी ट्रक मऊ वाळूत रुतला. सगळे फावडी घेऊन चाकांखालची वाळू उपसायला लागले. मला एका जागी बसवेना. कुणालाही न सांगता माळ घेतली आणि फेऱ्या मारत जप करायचा म्हणून निघाले. वाळूची एक टेकडी ओलांडली, मग दुसरी. वळून पाहिलं तर ट्रक दिसेना, आवाज येईना, आणि वाऱ्याने माझी पावलंही बुजवत आणली होती. डोकं गरगरत होतं आणि घाम यायचा थांबला होता. हा उष्माघात, हे डॉक्टर म्हणून मला चांगलंच ठाऊक होतं. मी वाळूत बसले, जपाची संख्या विसरले आणि फक्त एवढंच म्हणाले, "दत्ता, मुक्ताला आता माझ्याशिवाय कुणी नाही रे."

किती वेळ गेला सांगता येत नाही. डोळे उघडले तेव्हा निळ्या कापडात डोकं-तोंड गुंडाळलेला एक माणूस समोर उभा होता, मागे त्याचा उंट. त्याने कातडी पिशवीतून लाकडी वाडग्यात पाणी ओतलं. तोंडावरचं कापड जरा सरकवून स्वतः एक घोट घेतला, पाणी चांगलं आहे हे मला दाखवायला असावं, आणि तोच वाडगा माझ्यापुढे धरला. पाण्याला शेळीच्या कातड्याचा उग्र वास येत होता. मी वाडगा रिकामा केला. मग आणखी दोन. पिता पिता मी रडत होते आणि तो पुन्हा ओतत होता. मग त्याने मला उंटावर बसवलं, वाळूत कसल्या खुणा बघितल्या देव जाणे, पण नेमकं ट्रकपाशी आणून सोडलं. मी हात जोडले. त्याने छातीवर हात ठेवला आणि आला तसा निघून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मुक्ता धावत आली. आधी घट्ट मिठी मारली, मग खांदे धरून ओरडली, "यू जस्ट वॉक्ड ऑफ! आय ऑलरेडी लॉस्ट बाबा!"

दत्तगुरू फकिराच्या वेषात भेटल्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. तो माणूस कोण होता, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. तहानलेलं माणूस दिसलं की पाणी पाजायचं, एवढंच कदाचित त्याला माहीत असेल. पण देवाने जवळ यावं म्हणून मी हट्ट धरत होते आणि माणसांना मात्र चार हात लांब ठेवत होते, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार लाज वाटली.

संध्याकाळी मी मुक्ताला उष्ट्याचं सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आई, आय डोन्ट नो हाउ टु प्रे. मला तुझा तो जप पण येत नाही. तू सापडत नव्हतीस तेव्हा मी फक्त बाबाला सांगत होते, तिला आण. प्लीज, तिला आण."

वर्षानुवर्षं मोजून केलेला माझा जप कुठवर पोचला, मला माहीत नाही. त्या दुपारी मी वाचले ती माझ्या पोरीच्या हाकेने, असं मी मानते. आपल्यासाठी कुणीतरी इतक्या जिवाच्या आकांताने मागतंय, हे कळल्यावर देवाकडे आणखी काही मागायला मला तोंड उरलं नाही.