घरच्यासारखी हाक

"आ करा बघू."

आमच्या डॉक्टरीणबाईंचा नमस्कारच हा. मासळीबाजारात पापलेट निवडता निवडता त्या मासेवालीला आ करायला लावायच्या, पर्समधली बॅटरी काढून तिच्या गालात डोकावायच्या. "मशेरी लावता ना? सोमवारी दाखवायला या." मागची गिऱ्हाइकं ताटकळत. तुम्ही भेटला असतात तर तुमचीही सुटका नव्हती.

मी त्यांच्या हॉस्पिटलात सिस्टर. पूर्वी तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट आला की बाई मुंबईची चिठ्ठी द्यायच्या, आणि निम्मे लोक ती घेऊन घरीच बसायचे. याचा त्यांना भारी राग. म्हणून चाळिशीत, चालती प्रॅक्टिस सोडून, डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सर सर्जरीची फेलोशिप करायला गेल्या. त्या कशाला परत येतायत, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

आल्या. सोबत भिंगाचा चष्मा आणि नवं खूळ. दर आठवड्याला कोंबडीची तंगडी आणायची, तिच्यातली रक्तवाहिनी कापायची आणि केसाहून बारीक दोऱ्याने परत शिवायची. "हात विसरतो हो, सिस्टर." शिवून झाल्यावर रस्सा करतात काय, असं वॉर्डात सगळे विचारायचे.

मग माझ्या आत्याच्याच जिभेला जखम झाली. तपासणीत कॅन्सर निघाला. मला हिनेच वाढवलेलं. "मुंबयला मी नाय जायची," एवढंच तिचं. म्हणजे जिभेची एक बाजू काढून तिथे मनगटाची कातडी रक्तवाहिन्या जोडून बसवायची, ती इथेच. शिकवणारे सर शेजारी नसताना बाईंचं हे पहिलंच ऑपरेशन. माझा जीव टांगणीला लागला. आत्या वाचेल ना, आणि वाचली तर बोलेल ना?

ऑपरेशनच्या सकाळी तिला तोंड स्वच्छ करून यायला सांगितलं होतं. बया मशेरी लावून आली. "दात घासल्याबिगर डॉक्टरसमोर आ कशी करू गो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र स्वतः तिच्या चुळा भरून घेतल्या. "ही शेवटची मशेरी हां, आत्या. आता सिस्टरना घरी मारता तशी हाक मारा."

"सुमे, गो सुमे!"

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. पुढेही प्रत्येक पेशंटची हाक त्या अशी आधी ऐकून ठेवायच्या.

ऑपरेशननंतर श्वासासाठी गळ्यात नळी, आत्या मुकी. बसवलेली कातडी काळी पडली तर सगळंच वाया. बाई घरून सारखा फोन करायच्या, "गुलाबी आहे ना?" "आहे," म्हणण्याआधी मी पुन्हा एकदा बॅटरी मारून बघायचे.

नळी काढली त्या दुपारी मी बाहेर चादरींच्या घड्या करत होते. आतून हाक आली. जाड, बोबडी, पण आत्याचीच.

"हुमे, गो हुमे."

हातातली चादर खाली पडली आणि मी भर व्हरांड्यात तोंड उघडं टाकून रडले. एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. दाराबाहेर बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटलेले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. सवयीने हात खिशातल्या बॅटरीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"मिटा आता तोंड, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आत जा. बोलावतायत."