खिडकीतून दिलेली पिशवी

गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाचा वास आला, की ती सकाळ आठवते. बायको गगनबावड्याकडच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला पळण्याचा सराव बसआधीच उरकावा लागे; शाळेत नेसायच्या साडीची पिशवी घेऊन मी मागून चालायचो. त्या दिवशी रंकाळ्याची पुरी फेरी न थांबता पळायचीच, असं तिनं ठरवलं होतं. पण निघतानाच ओळखीच्या गवळ्यानं फेसाळता पेला पुढं केला. “उपाशीपोटी पळताय व्हय वैनी? घ्या की.” तिला नाही म्हणवेना. अर्ध्या फेरीत पोटात कळ येऊन ती कठड्यावर बसली, तोच तिची बस समोरून गेली. ती उठली, थेट पुढच्या थांब्यापर्यंत पळाली आणि बसमध्ये चढली. मागून धापा टाकत येऊन मी साडीची पिशवी खिडकीतून दिली, तेव्हा ती हसली. “बघितलंसा? कुठंबी थांबले न्हाय.” ती वारल्यापासून मी एकटाच फिरायला जातो. परतताना ती बस दिसली, की रिकामा हात अजून वर होतो.