रुसलेला जावई आणि माळशेजचा घाट

लग्नानंतरचा आमचा पहिला धोंड्याचा महिना... नव्वदच्या आसपासचा उन्हाळा असेल. शनिवार-रविवार सासरवाडीला बोलावणं होतं. मुरबाडच्या बरंच पुढे, माळशेजच्या रस्त्याला लागूनच त्यांचं घर. बायको सुनंदा एसटीने गेली आणि मी ठाण्याहून, कोपरीतून, सायकलने.

सायकलने, कारण पुढच्याच रविवारी आमच्या ग्रुपची ठाणे ते शिवनेरी मोहीम होती, एका दिवसात. साध्या काळ्या सायकली, गिअर वगैरे काही नाही. ग्रुपच्या म्होरक्याने मला स्पष्ट सांगितलेलं, "माळशेज घाट पाय न टेकता चढून ये, तरच तुझं नाव घेतो." बाकीच्यांचा झाला होता. माझा प्रत्येक वेळी अर्ध्यात राहायचा.

मी मुळात काळजी करणारा माणूस. आठवीतून शाळा सोडून कारखान्यात लागलो, तेव्हापासून कुठल्याच संघात मला कुणी घेतलं नव्हतं. म्हणून ही मोहीम मला हवीच होती...

शनिवारी रात्री सासूबाई श्रीखंडाचं पातेलं घेऊन पुन्हा वाढायला आल्या. सकाळी पोट जड नको, म्हणून मी ताटावर हात आडवा धरला. नको म्हणजे नकोच. त्यांचा चेहरा पडला, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

पहाटे सुनंदाला उठवून सांगितलं, "घाट चढून येतो, जेवणाच्या आत परत. आबांना सांग." आबा म्हणजे माझे सासरे.

तिने अगदी खरंखरं सांगितलं... आणि कुणाचाच विश्वास बसला नाही. धोंड्याच्या दिवशी जावई उगाच सायकल घेऊन घाटात कशाला जाईल? रात्री ताटावर हात धरला, पहाटे घाटाच्या वाटेने निघून गेला. म्हणजे जावई रुसला, आणि पोरगी सारवासारव करतेय. घरात सगळ्यांचं ठरूनच गेलं.

मला यातलं काहीच ठाऊक नाही. मी घाटात होतो आणि त्या दिवशी पाय कधी नव्हे ते छान चालत होते. नेहमी हार मानायचो ते वळणही मागे पडलं. शेवटची काही वळणं उरली... आणि मागून हॉर्न वाजला.

शेजारच्या गणपतचा दुधाचा टेम्पो. खिडकीतून अर्धे बाहेर आलेले आबा, टोपी हातात.

"जावईबापू, थांबा! काय चुकलं आमचं?"

काही चुकलं नाही, अशा अर्थाने मी मान हलवली. दम इतका लागला होता की शब्द फुटेना. आबांना वाटलं, थांबत नाही म्हणतोय.

"आमच्या हिच्या तोंडून काही वावगं गेलं का?"

मी पुन्हा मान हलवली. दात आवळलेले, तोंड लाल...

आतून गणपत म्हणाला, "आबा, हे लयच तापलेत. अंगठीचं बोला."

"अंगठी पुढल्या धोंड्याला नक्की घालतो! पण अशी पाठ फिरवून जाऊ नका हो..." आणि आबांनी चालत्या टेम्पोतून मला हात जोडले.

गावात ज्यांच्या शब्दाला मान, तो माणूस माझ्यापुढे हात जोडतोय. मला ते बघवेना. मी पाय टेकला. मनात म्हटलं, गेली मोहीम.

श्वास जरा खाली बसल्यावर आबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे रुसला नाहीत?"

"नाही हो, आबा."

"मग सुनंदा खरंच बोलत होती की!" गणपत तोंड फिरवून हसायला लागला. आबा मात्र विचारात पडले. "आता पाय टेकला, पण तुमच्या म्होरक्याला कोण सांगतंय? मी नाही, गणपत नाही."

"मला माहीत राहील ना..."

आबांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "टाका सायकल टेम्पोत."

टेम्पो घाट उतरला. मला वाटलं, निघालो घरी. पायथ्याला आबांनी गाडी थांबवायला लावली. "उतरा. आता पहिल्यापासून."

"अहो, पण घरी पाहुणे आलेत, जेवणाची वेळ होईल..."

"जावयाशिवाय धोंड्याची पंगत बसत नाही. थांबतील."

ऊन चढलेलं, पायांत गोळे. टेम्पो पुढे हळूहळू, मागे कॅनच्या मध्ये बसलेले आबा, शर्यतीच्या बैलाला ओरडतात तसे ओरडतायत... "हां, हां, सोडू नका!" एका वळणावर मी जवळजवळ थांबलोच. तेव्हा ते खाली उतरून माझ्या बाजूने चालू लागले, इतका मी हळू होतो. हात लावला नाही, ढकललं नाही. नुसते चालत राहिले, माथ्यापर्यंत.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ओटीवर पाहुणे, पाटावर पेंगुळलेली मुलं, कोरी पानं. कुणीही जेवलं नव्हतं.

आबा टेम्पोतूनच ओरडले, "रुसले नव्हते! घाट चढत होते!"

"एका घाटाला एवढा वेळ?" पंगतीतून कुणीतरी विचारलं.

"एक नाही, जवळजवळ दोन चढले!"

अख्खी ओटी हसली. सुनंदा तेवढी हसली नाही. सकाळपासून एकटीच खरं बोलत होती बिचारी... वाढताना तिने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "आता पटलं?"

पुढच्या रविवारी मी शिवनेरीला पोचलो. ग्रुपमध्ये कौतुक झालं, तेही आवडलं. पण आजही ते दिवस आठवले की आधी ती उपाशी पंगत डोळ्यांपुढे येते. इतका उशीर का केला, असं मला कुणीही म्हणालं नाही. सासूबाईंनी पान वाढता वाढता एवढंच विचारलं, "दुसऱ्यांदा चढताना पाय फार दुखले का हो?"

सायकलचं वेड त्या घरात कुणालाच कळलं नव्हतं. तरी सगळ्यांनी माझ्यासाठी भूक रोखून धरली... याहून जास्त आपलं कुणी असू शकतं, असं मला वाटत नाही.