अळणी लोखंड

जेवण झाल्यावर हेमांगी कारखान्यातल्या खुर्चीत मान टेकते. पंख्याची घरघर हळूहळू भट्टीच्या घरघरीत मिसळते आणि समोरच्या स्टुलावर दौलतकाका बसलेले असतात. काकांना जाऊन तीन वर्षं झाली, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ती त्यांना पाणी देते.

"काय गं हेमे, भरल्या कारखान्यात झोपा काढतीस?"

"आज ओतकाम आहे, काका. पंपवाले बघायला येतायत."

काकांची फौंड्री जन्मभर कोकवर चालली. हेमांगी मात्र कोळसा जाळत नाही. ती हायड्रोजननं खनिजाचं लोखंड करते, आणि धुराऐवजी पाण्याची वाफ बाहेर पडते.

काका मान वर करून धुराड्याकडं बघतात. "इडल्या लावल्यास व्हय?"

तिला हसू फुटतं, पण लगेच मावळतं. कोळसा नाही म्हणून तिच्या लोखंडात कार्बनही नाही. असं लोखंड लवकर थिजतं, साच्याच्या पातळ फटीत शिरतच नाही. पंपाची चाकं दोनदा तुटक्या पात्यांची निघाली. आता तिसऱ्यांदा तसंच झालं तर पंपवाले पुन्हा फिरकणार नाहीत. नेहमीची कोकची पूड टाकली तर काम होईल, पण मग पाटीवर 'कोळशाविना लोखंड' कुठल्या तोंडानं लिहायचं?

स्टूल आता काकांच्या स्वयंपाकघरात आहे. चुलीवर लोखंड रटरटतंय, लालबुंद. काका पळीभर घेतात, फुंकर मारतात आणि चक्क ओरपतात.

"अळणी!"

"काका, याचं मीठ म्हणजे कोळसा. तोच तर मला नको आहे."

"तुला कोळसा नको हाय, का धूर?"

एवढा साधा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

स्वयंपाकघराला भिंती उरलेल्या नाहीत. पायाखाली साच्यांची काळी वाळू आहे, वर निळं स्वच्छ आभाळ. ओतकामाआधी प्रत्येक फौंड्रीत फोडतात तसा काका भट्टीपुढं नारळ फोडतात. पाणी चर्र करून उडतं. हेमांगीची नजर करवंटीवर खिळते. झाडानं हवेतून घेतलेला कार्बन, या टणक वाटीत साठलेला. त्याचा कोळसा लोखंडात विरघळला तर तो लोखंडातच राहील. जमिनीखालचं काहीच आभाळात जायला नको.

"काका! अहो, झाड हवेतून जे घेतं ना—"

"मला शाळा शिकवू नगंस. खोबरं खा आधी." ते तिच्या तोंडात मोठा तुकडा कोंबतात आणि इतके खदखदून हसतात, की आभाळ हलतं.

"ताई, पंपवाले आले." ती डोळे उघडते. दारात तिचा फोरमन बाबालाल उभा असतो.

"त्यांना चहा द्या. आणि शाहूपुरीच्या बाजारात फोन लावा, करवंटीचा कोळसा हवाय. नुसता नको, दळून."

"आणि ओतकाम?"

"कोळसा आला की. पाटी आपण बदलू. 'धुराविना' लिहू."

बाबालाल तिच्याकडं चमकून बघतो आणि फोन काढतो. ती उठते. जिभेला दाढेत काहीतरी लागतं. डब्यात तर दहीभात होता. ती सावकाश चावते. ओलं खोबरं, गोड.